तीन हात पुढची रिकामी जागा

"पाटीलबाबा, तुमच्या या नळीतून पाह्यलं तं माणूस बी जनावरासारखाच दिसते का?"

मित्रांनो, असा प्रश्न माझ्या मालकाला आजवर कोणी विचारला नव्हता. विचारला तो हिरीने, आणि तोही आपणहून नाही. शाळेच्या मधल्या सुट्टीत माळ्याच्या तुळसाने तिला डिवचलं होतं, "लय म्हन्तं ना, मी कोनाले भेत नाई? मंग जा, इचार पाटलाले. इचारलं तं ओंजळभर बोरं देतो!" आणि ही आली की थेट ओसरीवर! तुळसा मात्र लिंबाच्या झाडाआड, नुसती वेणी दिसत होती.

मी एक जुनी दुर्बीण आहे. तारे बघायची नव्हे हं, बंदुकीवर बसवायची. वीतभराहून थोडी लांब, काळी, दोन्ही टोकांना भिंगं आणि पोटात दोन बारीक तारा, एक आडवी, एक उभी. जिथे त्या एकमेकींना छेदतात, तिथे गोळी जाते. हे माझ्या जन्माच्या वेळी मला कोणी सांगितलं नव्हतं. सातासमुद्रापलीकडच्या एका थंडगार कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिराने माझी भिंगं महिनाभर घासली, तोंडाची वाफ देऊन पुसली आणि खिडकीबाहेर धरून पाहिलं. मला पहिल्यांदा काय दिसलं असेल? एक चिमणी! मला वाटलं, चिमण्या बघण्यासाठीच आपण जन्मलो.

मग आगबोट, मग मुंबई, मग जंगलखात्याचा एक साहेब. त्याच्याबरोबर मी वाशिमकडच्या रानात आले. साहेब विलायतेला परतला, तेव्हा त्याने बंदूक आणि मला मेडशीजवळच्या एका गावचे पाटील, उत्तमराव, यांना दिलं. पाटलांकडे परवाना होता आणि शिवारात रानडुकरं होती. रात्रीतून एकरभर ज्वारी आडवी करायची ती.

पण उभं डुक्कर मारणं वेगळं आणि पळतं मारणं वेगळं. पाटलांचा सालदार पुंजाजी टेकडीवरून बैलबंडीचं जुनं चाक सोडायचा आणि पाटील त्या घरंगळत्या चाकावर नेम धरायचे. पहिल्या दिवशी सगळ्या गोळ्या चाकाच्या मागे धुळीत!

"मालक," पुंजाजी वरून ओरडायचा, "चाक घरी जाऊन जेवते, तवा तुमची गोळी पोचते!"

हळूहळू पाटील शिकले, आणि त्यांच्याबरोबर मीही. पळत्या जनावराबरोबर मला फिरवत न्यायचं, जनावराला मागे टाकायचं आणि त्याच्या पुढच्या रिकाम्या जागेवर तारांचा छेद धरायचा. शंभर पावलांवर तीन हात पुढे. घोडा दाबला तरी फिरवणं थांबवायचं नाही. गोळी पोचेपर्यंत जनावर तिथे आलेलं असतं.

माझी कीर्ती रिसोडच्या बाजारापर्यंत गेली. आसेगावचे लोक मला बघायला बैलगाडी जुंपून आले. पण खरं सांगू? मला भीती वाटायची. लोकांना वाटे, मी डुक्कर बघते. मी बघायचे ती रिकामी जागा. गोल, लहानशी, पोळीएवढी. तिच्या बाहेरचं मला काहीच दिसत नाही. डावीकडून कोण येतंय, उजवीकडे कोण उभं आहे, काहीच नाही! दर वेळी पोटातल्या तारा थरथरायच्या. त्या जागेत काय येणार?

तर त्या दिवशी ओसरीवर हिरी उभी होती. हेमसिंग आणि धनीबाई यांची लेक, गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरची. तांड्यातून शाळेत गेलेली पहिली मुलगी. आरसे टाकलेली ओढणी घालून यायची, म्हणून पोरींनी पहिल्या दिवशी "हिच्या आंगावर आरशाचं दुकान हाये" म्हणून हसून घेतलं होतं. पाटलांनी तिच्याकडे डोळे वटारले. ती हलली नाही. मग त्यांनाच हसू आलं.

"ये इकडं. बंदूक रिकामी हाये. लाव डोया."

"अग्गं बाई! पोपट! डोये मिचकावून राह्यला!" हिरी किंचाळली. मला तो कारखाना आठवला, ती चिमणी आठवली. इतक्या वर्षांनी कोणीतरी मला बरोबर कामाला लावलं होतं!

मग पाटलांनी तिला चाकाची गोष्ट सांगितली, तीन हातांचं गणित सांगितलं. हिरीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् त्या रिकाम्या जागेत दुसरंच कोनी आलं तं?"

"रिकामी म्हंजे रिकामी," पाटील म्हणाले. "कोन येते तिथं?"

हिरी बोरं खायला पळाली. तो प्रश्न मात्र माझ्याजवळच राहिला.

चार दिवसांनी हाका ठरला. ज्वारीच्या त्या टोकाला तांड्यावरचे लोक डबे वाजवणार, डुक्कर या बाजूला पांदणीवर, म्हणजे तांड्याकडे जाणाऱ्या शेतवाटेवर, निघणार आणि पाटील बांधावर बसणार. दिवस मावळतीला झुकला होता, आमच्या पाठीशी. गोळी भरण्याआधी पाटलांनी रीतीप्रमाणे विचारलं, "हेमसिंग, वाट मोकळी हाये ना?"

"मोकळी हाये, मालक," हिरीचा बाप म्हणाला. "तांड्यात सांगून आलो. बाया घरात, ढोरं गोठ्यात. या टायमाले या वाटेनं कोनी नसते."

तो खोटं बोलला नाही. जन्मभर त्याने ती वाट तशीच पाहिली होती. संध्याकाळी शाळेतून घरी येणारी लेक तांड्यात कधी नव्हतीच. हिरी या वाटेने यायला लागून जेमतेम आठ दिवस झाले होते. ती आठ दिवसांची सवय त्याच्या तोंडात अजून बसली नव्हती.

हेमसिंग पलीकडच्या टोकाला हाक्यावर गेला. डबे वाजले. ज्वारी सळसळली. डुक्कर निघालं! पाटलांनी मला उचललं. काळी पाठ, उडती माती, सुळा. मी त्याच्याबरोबर फिरले, त्याला मागे टाकलं, एक हात, दोन हात, तीन हात. रिकामी जागा. पाटलांचं बोट घोड्यावर दाबत चाललं होतं.

आणि त्या जागेत एक पाऊल आलं. मग लाल ओढणीचं टोक.

मी ओरडले असते हो! पण दुर्बिणीला तोंड नसतं. पाटलांना कळलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. इतक्यात त्या ओढणीवरचे सगळे आरसे मावळत्या उन्हात एकदम पेटले. सगळं ऊन माझ्या भिंगातून सरळ पाटलांच्या डोळ्यात घुसलं. "आई गं!" म्हणून त्यांनी मान झटकली, नळी वर उडाली आणि गोळी सुटली.

मग बंदूक पडली, आणि मला फक्त आभाळ दिसत राहिलं. डब्यांचा आवाज थांबला. एक बाभळीची डहाळी खाली आली. आभाळ, नुसतं आभाळ. ती आहे का? कोणीतरी बोला ना! आहे का ती?

"पाटीलबाबा," बारीक आवाज आला, "माही पाटी फुटली."

पाटलांनी बंदूक उचलली. डुक्कर केव्हाच पांदण ओलांडून गेलं होतं. हेमसिंग ज्वारी तुडवत धावत आला आणि लेकीजवळ पोचल्यावर त्याला तिला हातच लावता येईना. बंदुकीचा आवाज ऐकून धनीबाईही आली. तिने आधी एक चापट मारली आणि मग पोरीला छातीशी घट्ट धरलं.

मित्रांनो, त्याच बांधावर पाटलांनी मला बंदुकीवरून काढलं. तेव्हापासून मी कडूलिंबाच्या पाल्यात, ट्रंकेत पडून आहे. दसऱ्याला बंदुकीला हळदकुंकू लागतं, मला नाही. एका भिंगावर बुरशी चढली आहे. मला काढा, पुसा, असा हट्ट मी धरणार नाही. पण चुकून कधी मला हातात घेतलंत, तर पोपट बघा. आणि "तिथे कोणी नसतं" असं म्हणण्याआधी दुसरा डोळाही उघडा. एवढं माझं ऐका.

पण त्या संध्याकाळी बांधावर, ट्रंकेत जाण्याआधी, पाटलांच्या हातातून मी त्या तिघांकडे पाहत होते. हेमसिंग म्हणाला, "बस झाली शाळा. उद्यापासून घरी राह्य. माह्या तोंडानंच तुले मारलं असतं, पोरी."

"हो, नको ती शाळा," धनीबाई रडत म्हणाली.

हिरी पाटीचे तुकडे ओच्यात गोळा करत होती. मग ती उठली, ओढणी डोक्यावर नीट घेतली आणि आई-बापाला म्हणाली,

"बा, याडी, आयका. मी उद्या बी शाळेत जाईन. हीच ओढनी घालून, याच वाटेनं. अन् बा, पुढच्या टायमाले कोनी इचारलं ना वाट मोकळी हाये का, तं सांगजा, या वाटेनं हिरी येते."