खोडलेली ओळ

शामकलाच्या डाव्या पायाचा अंगठा दुसऱ्या बोटावर चढून बसला होता, बाजूचं हाड सुपारीएवढं वर आलेलं. चप्पल म्हणून पायात जायची नाही. तरी तिरोड्याकडच्या त्या गावात धानाचा रोवणा लावावा तर तिनंच! चिखलात मागं सरकत ती रोपं खोवायची आणि बाकीच्या बाया तिच्यामागं ओळ धरायच्या.

उन्हाळ्यात गोंदियाच्या डॉक्टरांनी तिला नीट समजावलं. बारीक छिद्रं पाडून हाड सरळ करू. पण अंगठ्याला आत ओढणारी स्नायूची एक दोरी असते, तीही सैल करू, नाहीतर अंगठा परत फिरेल. आराम मात्र तीन आठवडे जास्त लागेल.

"करा जी," शामकला म्हणाली. "एकदाचा सरळ होऊन जाऊ द्या."

रक्त तपासून ती परत आली, तर नवरा हिरालाल ऑपरेशनचा फॉर्म घेऊनच उभा. "सही कर इथं." शामकला सातवी शिकलेली. पण नवऱ्यानं पुढं धरलेला कागद कोण वाचत बसतं हो! तिनं सही ठोकली.

ऑपरेशन झालं, पण दिवाळीला अंगठा पुन्हा दुसऱ्या बोटावर. ती तणतणत दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी फाईल काढली.

"दोरीला हातच लावला नाही, बाई. फॉर्मवरची ती ओळ तुम्हीच खोडलीत ना? ही तुमची सही."

शामकलानं हिरालालकडं पाहिलं. तो पंख्याकडं बघत होता.

"आखाडात रोवणा होता," तो पुटपुटला. "शेजारच्या टेकचंदच्या धानाच्या बांधीत तू रोवायला लागशील म्हणून कबूल केलं होतं मी. त्याच्याकडच्या बाया आपल्याकडं येनार होत्या."

"मंग मले काऊन नाही सांगतलं?"

"तू ऐकली नसती."

"नसतीच ऐकली!" सारा दवाखाना वळून बघायला लागला. अठरा वर्षं ह्या माणसाला आधी वाढून मग ती जेवली, आणि ह्यानं तिचा पाय टेकचंदच्या बांधीला देऊन टाकला! परक्यानं केलं असतं तर शिव्या घालून मोकळी झाली असती. हा तर घरचाच माणूस.

"परत होते का जी?" तिनं डोळे पुसले.

"होईल. केव्हा करायचं?"

"आखाडात. ऐन रोवण्यात."

"अवं, पण..." हिरालाल म्हणाला. कोणी ऐकलं नाही. डॉक्टरांनी तारीख टाकून नवा फॉर्म सरकवला, तसा त्यानं सवयीनं हात पुढं केला. शामकलानं कागद ओढून घेतला आणि पहिल्या अक्षरापासून बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली. दोरीची ओळ आली, ती तिनं दोनदा वाचली.