बाळंतिणीचा पिंजरा

बोनकोड्याच्या गिरजाबाईच्या हाताखालचा पिंजरा म्हणजे आरसा! तुर्भ्याच्या औषध कंपनीत उंदरांची खोली सांभाळायला ती एकोणऐंशी साली लागली. तेव्हापासून पिंजऱ्यात अंथरायचं भाताचं तूस रोज ताजं, पाण्याच्या बाटल्या लख्ख. अशा बाईवर घाण कालवायची पाळी आली, आणि ती कल्पना निघाली तिच्याच तोंडून!

त्याचं असं झालं. एकाच जातीचे उंदीर, एकच खाणं, एकच औषध; तरी डाव्या मांडणीतले टुणटुणीत आणि उजवीकडचे मलूल. औषधाची चाचणी घेणाऱ्या जयमाला मॅडमची तीन वर्षं त्यात गेली होती. साहेबांनी बजावलं होतं, या खेपेला निकाल जुळले नाहीत तर काम बंद. मॅडम वैतागून म्हणाल्या, "प्रत्येक पिंजऱ्यातल्या उंदरांच्या आतड्यातले जंतू निराळे, गिरजाबाई. म्हणून औषधाचा गुणही निराळा."

"म्हंजे घरोघरचं विरजन वेगलं, म्हनून दही पन वेगलं. मंग सगल्यांना एकच विरजन लावा की!"

मॅडमना ते पटलं. उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात आणि त्यातून जंतू पोटात जातात, हे त्यांना ठाऊक होतंच. सगळ्या पिंजऱ्यांतलं मूठमूठ मळकं तूस एकत्र कालवून सगळ्यांत वाटायचं ठरलं. गिरजाबाईनं जीभ चावली, पण आता काय उपयोग?

सहा आठवडे ती नाकाला पदर लावून घमेल्यात तूस कालवत होती. कामावरचा जोडीदार हिरामण चिडवायचा, "काय गिरजाबाई, खिचडी शिजली का?"

तूस वाटायच्या पहिल्याच दिवशी बाविसाव्या पिंजऱ्यातली उंदरीण व्याली. गुलाबी, उघडीनागडी पिल्लं! गिरजाबाईचा हात थबकला. बाळंतिणीच्या खोलीत बाहेरचा माणूस पाय धुतल्याशिवाय येत नाही, आणि इथं साऱ्या गावाची घाण टाकायची? छे! तेवढा पिंजरा तिनं वगळला, तो वगळलाच. कुणाला सांगितलं नाही.

मग औषध दिलं. डावे-उजवे सगळे पिंजरे अगदी सारखे! फक्त बाविसाव्यातली, आता मोठी झालेली पिल्लं मलूल पडली. मॅडमचा चेहरा उतरला. "हाच एक का? साहेबांना काय सांगू मी?"

गिरजाबाईनं हातातलं घमेलं खाली ठेवलं. गप्प बसली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण या पोरीची तीन वर्षं पाण्यात चालली होती.

"मॅडम, चुकी माझी हाय. तिथं बालंतीन होती. तिच्यापुढं घान नाय टाकवली मना."

"एकदाही नाही टाकलीत?"

"देवाशपथ, एकदा पन नाय."

मॅडमनी तिचे दोन्ही हात धरले, तुसानं माखलेले तसेच. "अहो, केवढं काम केलंत! विरजण लागलं ते सारे जुळले, न लागलेला तेवढा वेगळा राहिला. याहून मोठा पुरावा कुठला?"

काम बंद झालं नाही. पुढच्या प्रत्येक चाचणीत एक पिंजरा मुद्दाम बिनविरजणाचा ठेवायचा, असं ठरलं. मॅडमनी त्यावर चिठ्ठी डकवली, 'बाळंतीण'. गिरजाबाईला वाचता येत नव्हतं, पण तो पिंजरा ती सगळ्यांत आधी पुसायची.