दोन दंडांत एक फोड

सुई टोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात सविताच्या दंडावर फोड आला. हरभऱ्याएवढा, लालसर, मधोमध पिवळा. जुन्नरकडच्या आरोग्य केंद्रात तिने तीस वर्षं तान्ह्या पोरांना क्षयाची लस टोचली होती. हा फोड तिला जुन्या ओळखीच्या माणसासारखा भेटला. "हळद नको, तेल नको," ती आयांना सांगायची, "लस लागली एवढं समजायचं."

नवऱ्याचा, निशिकांतचा दंड मात्र कोराच राहिला.

हीच जुनी लस म्हाताऱ्यांना छातीच्या दुसऱ्या आजारांपासूनही वाचवते का, ते आता दोघं राहत होती त्या सिंगापुरात डॉक्टर एका अभ्यासात तपासत होते. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय, ते तपासणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नाही. दोघांची नावं सवितानेच दिली होती. गेल्या वर्षी निशिकांतला न्यूमोनिया झाला, तेव्हापासून तो खोकला की तिचा हात जागच्या जागी थांबे.

"अहो, तुम्हाला पाणीच मिळालंय," भाजी निवडता निवडता ती म्हणाली. "आज तपासणीला गेलो की सांगते, यांचं नाव यादीतून काढा. बाहेर कुठे मिळाली तर लस घेऊ."

"उपयोग होतो, हे कोणी सांगितलं?"

"होतो का, तेच तर बघतायत."

"मग बघू दे की. सगळेच फोडवाले झाले तर कोणाशी ताडून बघणार? आणि तूच म्हणायचीस, काही पोरांना लस लागूनही फोड येत नाही."

"ती लोकांची पोरं. तुम्ही माझे आहात."

निशिकांतने चहाचा कप खाली ठेवला. "जन्मभर तुझं खारट पिठलं पचवलं, सविता. या थेंबभर मीठपाण्याचं काय घेऊन बसलीस?"

ती हसली नाही. किती आयांनी तिच्यापुढे पोराचा दंड धरला होता. तो भरवसा पूर्वी लस तपासताना कोऱ्या राहिलेल्या अशाच कुणाकुणाच्या दंडांवर उभा होता, हे तिला माहीत होतं. फक्त आजवर त्यातला एकही दंड तिच्या घरातला नव्हता.

ती उठली आणि त्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घेऊन आली. कोणाला लस मिळाली ते फोडावरून कळू नये, म्हणून दंड डॉक्टरांना दिसू द्यायचा नाही, असा अभ्यासाचा नियम होता. खिशात तिने मास्क घातला.

"एमआरटी ट्रेनमध्ये हा काढायचा नाही."

"नाही काढत."

"आणि खोकला आला तर लपवायचा नाही."

"बरं, नर्सबाई."

तिने त्याच्या मनगटाची बटणं लावली. मग आपल्या कुर्त्याची बाही ओढून फोड झाकला.