पडद्याबाहेरचं स्टूल

पोरगी उद्धट होती, याबद्दल मिस्त्रींच्या बायकोच्या, सगळं घर जिला थोरली म्हणे तिच्या, मनात तिळमात्र शंका नव्हती. नवरा-बायकोच्या मधे पडदा ओढायचा, म्हणजे काय चेष्टा आहे?

मिस्त्रींचं अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली, तेव्हा मुलांनी त्यांना या शुश्रूषागृहात आणून ठेवलं. ज्या माणसानं उभा जन्म लोकांच्या घरांना दारं बसवली, त्याच्या नशिबी साधं दार नाही. खाटेभोवती निळा पडदा. रोज सकाळी मदतनीस पोरगी कोमट पाणी घेऊन यायची, पडद्याच्या लोखंडी दांड्यावर टकटक करायची आणि म्हणायची, "मिस्त्रीकाका, आत येऊ? अंग पुसायचंय." मग थांबायची. मिस्त्रींचा डावा अंगठा वर झाला की आत. आत गेल्यावर पुन्हा, "कूस बदलते हं, चालेल?" पुन्हा थांबणं. थोरलीनं तिचं नाव विचारूबाई ठेवून टाकलं.

"अगं, श्वास घेऊ का, तेही विचारून घे त्यांना," पहिल्याच दिवशी थोरली म्हणाली. "दे तो टॉवेल. ह्यांचं अंग मी पुसणार."

पोरगी जागची हलली नाही. मिस्त्रींकडे वाकून तिनं विचारलं, "काका, मावशींना पुसू देऊ?"

मिस्त्रींनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"नको म्हणतायत. मावशी, तुम्ही जरा बाहेर बसा."

"नको? मग चार पोरं काय पडद्याआडून झाली मला?"

पलीकडच्या खाटेवरच्या म्हातारबांना खोकल्याची उबळ आली. खोकला कमी, हसूच जास्त.

"अंग त्यांचं आहे, मावशी. त्यांनी नाही म्हटलं की नाही."

जिच्या शब्दावाचून घरातली चमचावाटी जागची हलत नव्हती, ती थोरली मुकाट्यानं पडद्याबाहेरच्या स्टुलावर जाऊन बसली. मुकाट्यानं म्हणजे तिच्या मानानं. व्यवस्थापिकेकडे गाऱ्हाणं नेलं, तर त्या बाईनं चहा पाजला आणि पोरीचीच री ओढली.

दिवस थोडे उरलेत, हे थोरलीला कुणी सांगायला नको होतं. तिला हवं होतं ते एवढंच, की जाण्याआधी एकदा तरी ह्यांनी आपल्या हातून अंग पुसून घ्यावं. रोज ती स्टुलावरून म्हणायची, "विचार गं आज." पोरगी विचारायची. रोज भिंत.

एके सकाळी थोरलीचा आवाज कधी नव्हे तो खाली आला. "त्यांना म्हणावं, मी डोळे मिटून पुसते. काही बघत नाही."

आत पोरीनं शब्दन् शब्द तसाच सांगितला. मग ती बाहेर आली. "काकांच्या डोळ्यांत पाणी आलं, मावशी. पण नको म्हणतायत."

"म्हणू दे. हट्टी मेला," थोरली म्हणाली आणि पदरानं नाक पुसलं.

नंतरच्या एका सकाळी टकटक झाली. "मिस्त्रीकाका, आत येऊ?" पोरगी थांबली. थांबूनच राहिली.

"किती वाट बघशील गं?" थोरलीनं विचारलं.

पोरगी आत धावली.

डॉक्टर आले, नाडी बघून मान हलवली, गेले. मुलांना फोन झाले. पोरीनं पाणी बदलून आणलं, नवं, कोमट. आणि दांड्यावर पुन्हा टकटक केली.

"मिस्त्रीकाका, अंग पुसायचंय. मावशींना आत घेऊ?"

आणि थांबली, रोजच्यासारखीच. थोरली स्टुलावरून उठून पडद्यापाशी आली.

"काय म्हणाले?"

"तोंड नाही फिरवलं, मावशी."

थोरलीनं टॉवेल घेतला, पडद्याच्या आत पाऊल टाकलं आणि डोळे मिटून घेतले. शब्द दिला होता. पोरगी तिचा हात धरून पाण्यापर्यंत नेई, अंगापर्यंत आणी. चौकटी वाहणारा खांदा हाताला लागला, तर खुंटीच. दंड होता तिथं नुसती कातडी. पाठीवर पट्टी. ह्या माणसानं काय काय लपवून ठेवलं होतं, ते तिच्या बोटांना कळत गेलं. मिटल्या पापण्यांखालून पाणी वाहत होतं, पण तिनं पापणी उचलली नाही. पावलं पुसून, चादर गळ्यापर्यंत ओढून झाल्यावरच डोळे उघडले.

टॉवेल पिळून तिनं पोरीच्या हातात दिला.

"उद्धट आहेस तू. पहिल्या दिवशी म्हटलं होतं, आजही म्हणते. आता नीट ऐक. उद्या मी इथं पडले, तर दांडा वाजवल्याशिवाय आत यायचं नाही. आणि मी नको म्हटलं, तर माझ्या पोटची पोरं असली तरी त्यांना ह्याच स्टुलावर बसवायचं."