हवेत राहिलेलं मनगट

रिंगला न शिवता चेंडू जाळीतून उतरला की कोऱ्या कापडाची घडी उलगडावी तसा एक आवाज होतो. थंडीच्या दिवसांत स्वारगेटजवळच्या आमच्या मैदानावर पर्जन्यवृक्षांच्या फांद्यांतून गाळलेलं ऊन पसरलेलं असे, आणि त्या उन्हात विराजच्या हातून सुटलेल्या चेंडूचा तो आवाज मी डोळे मिटूनही ओळखत असे. डोळे उघडले की दिसायचं ते त्याचं मनगट. चेंडू केव्हाच खाली उतरून गेलेला, बाकीचे खेळाडू उलट दिशेने बचावाला धावत सुटलेले, आणि हा तिथेच उभा. हात उंच, मनगट पुढे कललेलं, पाण्यावर झुकलेल्या बगळ्याच्या मानेसारखं.

त्याच्याविषयी लिहिण्याचा मला कितपत अधिकार आहे, कोण जाणे. तो व्यावसायिक लीगमध्ये बास्केटबॉल खेळणारा, मी कॉलेजच्या संघात बहुतेक वेळ बाकावर बसणारी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे नावाजलेल्या माणसाला नावं ठेवताना हात अजून अडखळतो. पण आम्ही दोघं एकाच गावचे, मांजरीचे, आणि एकाच सरांच्या हाताखालचे; सर कॉलेजच्या संघालाही शिकवत आणि विराजच्या संघालाही. आदर केव्हा आटला आणि त्या जागी दुसरं काही केव्हा साचलं, ते मला कळलं नाही. त्या दुसऱ्याला तिरस्कार म्हणतात, हे मी हल्लीच स्वतःशी कबूल केलं.

निसर्गाने त्याला द्यायचं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. तळहातात चेंडू फळासारखा मावे. उडी घेतली की क्षणभर जमीनच त्याला विसरल्यासारखी वाटे. इतरांना जे घाम गाळून जेमतेम मिळतं, ते त्याला जन्मासोबत मिळालं होतं. त्याच्या घरची उसाची जमीन पडून होती आणि पडल्या पडल्याच तिचा भाव चढत गेला. आज तिथे इमारती उभ्या आहेत. न कसलेल्या जमिनीला सोनं लागतं, हे त्याने लहानपणीच पाहिलं, आणि अंगातल्या गुणांचंही तसंच असतं असं तो धरून चालला. गुण मात्र पडून राहिले की त्यांच्यावर गवतच उगवतं.

गावाने त्या गवताला पाणी घातलं. दर वाढदिवसाला चौकात त्याचा फ्लेक्स लागे, तोच हात उंचावलेला फोटो, आणि वर ठळक अक्षरांत ‘भावी आंतरराष्ट्रीय खेळाडू’. खाली शुभेच्छुकांचे चेहरे. त्या दिवशी तो सराव बुडवून, फेटा बांधून स्वतःच्याच चित्राखाली बसे. म्हातारे कौतुकाने म्हणत, जाईल की परदेशात, आपलाच हाय. तिशी जवळ आली तरी तो भावीच होता. आंब्याने दरवर्षी मोहरावं आणि लोकांनी मोहरालाच हार घालावेत, तसं चाललं होतं. फळाची आठवण कोणी काढत नसे, झाडसुद्धा नाही.

मैदानाच्या पायरीवर रोज सकाळी पेठेतले एक आजोबा वर्तमानपत्र वाचत बसत. एकदा विराज असाच हात वर करून उभा राहिला, तेव्हा पत्रातून मान न काढता ते म्हणाले, “अहो, फोटो निघाला असेल तर या आता परत.” आम्ही सगळे हसलो. विराजही हसला. त्याला ते कौतुक वाटलं असावं.

गेल्या हंगामात त्याचा करार संपत आला होता. संघाचे मालक त्याला सोडायला निघाले होते. शेवटचा सामना बघा आणि मग ठरवा, अशी गळ सरांनी स्वतःचा शब्द टाकून घातली. सामन्याआधी सरांनी त्याला खांबापाशी बोलावलं. सरांच्या मदतीला आलेली मी जवळच खेळाडूंच्या पाण्याच्या बाटल्या भरत होते. सर हळू आवाजात म्हणाले, “तू बास्केट करशील, त्याची मला काळजी नाही. करून झाल्यावर परत ये. एवढंच.” सत्कारातलं भाषण ऐकताना हलवावी तशी त्याने मान हलवली.

सामना संपता संपता आम्ही एका गुणाने मागे होतो. चेंडू विराजकडे आला. त्याने उडी घेतली, आणि कोऱ्या कापडाची घडी उलगडली. सगळं मैदान उभं राहिलं. आम्ही पुढे गेलो होतो. आता फक्त मागे धावायचं होतं. पण ते मनगट हवेतच होतं. ज्याला अडवणं विराजचं काम होतं, तो प्रतिस्पर्धी त्या उंचावलेल्या हाताच्या बाजूने, कमानीखालून जावा तसा निघून गेला. पलीकडे चेंडू त्याला सापडला. त्याने तो कसाबसा, बेढबपणे रिंगमागच्या फळ्यावर आपटून आत ढकलला आणि सामना संपल्याची शिट्टी वाजली. विराजचा हात तेव्हा कुठे खाली येत होता.

 सरांनी बाकावरचा टॉवेल उचलला, घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घडी घातली.

पुढच्या हंगामात विराज संघात नव्हता. राजकारण झालं, असं त्याने गावात सांगितलं, आणि गावाने मानलं. त्या वर्षीही चौकात फ्लेक्स लागला. फोटो तोच, शब्द तोच.

वाढदिवस उलटला की आमच्याकडे असे फ्लेक्स वाया जात नाहीत. कोणी गोठ्यावर घालतं, कोणी कडब्यावर. हा आमच्या अंगणात आला. आईने तो सरपणावर पसरून कडेला दगड ठेवले. मी बघत राहिले, तेव्हा ती म्हणाली, “कापड चांगलं हाय. पाणी आत येत न्हाई.” त्याच्या नावावर लागलेलं हे पहिलं काम, असं माझ्या मनात आलं, आणि त्या विचाराची मला लाजही वाटली नाही.

उन्हाने आता त्यातले रंग खाल्ले आहेत. डोळे आधी गेले, मग ते ठळक शब्द. वर उचललेला हात तेवढा अजून फिकट दिसतो. मैदानावर नवी मुलं त्याच्या जागेवरून न थबकता धावत जातात. मीही चेंडू हातातून सुटला की आवाजाची वाट न बघता मागे वळते. काळ टाकलेल्या चेंडूपाशी थांबत नाही, तो केव्हाच उलट दिशेने धावत सुटलेला असतो. आणि माणूस निघून गेल्यावर आठवणीत उरतो, तो हवेत राहिलेला एक सुंदर, रिकामा हात.