शेळीला घातलेले शिंपले

"मास्तर, आधी चपला खाली काढा. मग काय इटली-बिटली बोलायची ती बोला," मी म्हणाले आणि पिठाचा गोळा ओल्या फडक्यानं झाकला.

श्रीमंत आडनावाचे हे सर कॉलेजात इतिहास शिकवायचे. एकाहत्तरच्या चैत्रात त्यांनी नगरमध्ये नवंच खूळ काढलं होतं. इटलीहून आलेल्या एका बाईंना आणि कॉलेजच्या चार पोरींना घेऊन गावातून पायी हिंडायचं आणि तिकडचं खाणं इथल्या चुलीपर्यंत कुठं कुठं पोचलं ते दाखवायचं. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत नगरच्या लष्करी कँपात तारेच्या कुंपणाआड इटलीची माणसं कैदेत होती, तेवढ्या पायावर सरांनी माडी चढवलेली. सकाळपासून बेकरीतला टोस्ट इटलीचा झाला, बाजारातले टोमॅटो इटलीचे झाले. शेजारच्या साळूबाईनं तर फोटो निघतोय म्हटल्यावर आपला ठेचासुद्धा इटलीला देऊन टाकला.

आता स्वारी माझ्या ओसरीवर. नातीचं, बनूचं, लग्न महिन्यावर आलेलं आणि मी रुखवताच्या फणुल्या करत बसलेले. बन्सी गव्हाच्या सपिठाची ज्वारीएवढी गोळी लाकडी फणीवर अंगठ्यानं ओढायची. तिची गुंडाळी होते आणि अंगावर फणीच्या रेघा उमटतात; मग शेवयांसारखी वाळवून ठेवायची. आमच्या माळीवाड्यात लग्न ठरलं की नवऱ्या मुलाच्या आधी मला विचारतात. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात.

सरांनी ताटातली फणुली उचलून बाईंना दाखवली आणि इंग्रजीत काहीतरी सांगितलं. पोरींनी भराभरा वह्यांत उतरवून घेतलं.

"काय सांगितलं त्यान्ला?" मी विचारलं.

"एवढंच मावशी, की ही कला कैद्यांकडून तुमच्या गल्लीत आली असावी. तुमचे यजमान कँपात लाकूडफाटा पोचवायचे ना?"

"माझी आजी राहुरीच्या देवळालीला फणुल्या करायची. तवा तुमचे कैदी पाळन्यातबी नव्हते. खोडा ते."

पोरींनी सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि खोडलं.

साळूबाई उंबऱ्याला टेकून उभी होती. ती कशी गप्प बसेल? "पर मुक्ताबाई, तुमचे मालक म्हनायचे की. मला कँपातल्या आचाऱ्यानं शिकिवलं म्हनून."

"ते लई काय काय म्हनायचे."

खरी गोष्ट अशी की आमच्या ह्यांना फणुली कधी जमलीच नाही. दर उन्हाळ्यात माझ्या शेजारी येऊन बसायचे, फणी बाजूला सारायचे, गोळी पाटावर ठेवून अंगठ्यानं दाबत अशी ओढायचे की तिचा वाकडा शिंपला व्हायचा. वर सांगायचे, "अगं, इटलीवाले असंच करत्यात." मी तीस वर्षं भर गल्लीत सांगितलं की ह्यांच्या हाताला वळण नाही आणि ते झाकायला कँप पुढं करतात. गल्ली हसायची. तेही हसायचे. त्यांचे शिंपले मी वेचून शेळीला घालायचे. पाहुण्यांपुढं असलं कोण ठेवणार? गेल्या उन्हाळ्यात बसले ते शेवटचं. दिवाळी त्यांना दिसली नाही.

मी आणि सर भांडत होतो तोवर त्या बाईंनी हात धुतले आणि झगा सावरून माझ्यासमोर मांडी घातली. मी फणी पुढं केली. त्यांनी मान हलवली, फणी बाजूला सारली, गोळी पाटावर ठेवली आणि अंगठ्यानं दाबून ओढली.

शिंपला.

तसाच. तीच दुमडलेली कड, तोच डावीकडचा वाकडेपणा. बाईंनी दुसरा केला, तिसरा केला, पाच केले.

"त्यांची आई असंच करायची म्हणे," सर म्हणाले. "त्यांच्या गावाकडं घरोघर असंच करतात."

सगळे माझ्याकडे बघत होते. साळूबाई हसली असती तर बरं झालं असतं. ती हसली नाही. इटलीच्या बायकांच्याही हाताला वळण नसतं, असं माझ्या जिभेवर आलं होतं. म्हटलं असतं तर गल्लीनं मानलंही असतं. माझा शब्द कोण मोडतंय?

मी उठले. फडताळातला डबा काढला. त्यात वाळका कडुलिंबाचा पाला आणि खाली दोन मुठी शिंपले, गेल्या उन्हाळ्यातले. शेळी विकली म्हणून राहिलेत, असं मी सुनेला सांगितलं होतं.

बाईंनी त्यातला एक घेतला आणि आपल्या शिंपल्याशेजारी तळहातावर ठेवला. एक पांढरा, एक वाळून पिवळा पडलेला. बाकी फरक सांगता येईना.

सरांनी खिशातून काडेपेटी काढली. "मावशी, यातले दोन-चार दिले तर कॉलेजात जपून ठेवू."

"ठेवा ती काडेपेटी खिशात. माझ्या घरून पाहुनी उपाशी जात न्हाई. हे शिजवायचं किती, ते इचारा त्यान्ला."

तीस वर्षं ते शेळीच्याच पोटात गेलेले. मला कुठून ठाऊक असणार?

सरांनी विचारलं. बाईंनी हात खालून वर नेऊन दाखवला. "तरंगायला लागेपर्यंत," सर म्हणाले.

मी चुलीवर आधण ठेवलं. ते उकळल्यावर सगळे शिंपले आत सोडले, एकही मागं ठेवला नाही.

"मग वहीत काय लिहू?" सरांचा आवाज आता बराच खाली आला होता.

"लिवा. फणुल्या आमच्या, देवळालीच्या. त्यात बदल न्हाई. शिंपले इटलीचे. आन् ते ह्या गल्लीत आमच्या ह्यांनी आनले. खरं सांगत हुते ते."

"यजमानांचं नाव?"

आता नवऱ्याचं नाव मी कसं घेणार? पंचेचाळीस वर्षं घेतलं नव्हतं. मी साळूबाईकडे पाहिलं.

"गोरख लिवा," ती म्हणाली. "गल्ली गोरखच म्हनायची त्यान्ला."

"गोरक्षनाथ," मी म्हणाले. "पुरतं लिवा."

सर लिहायचे थांबले. साळूबाईनं पदर तोंडाला लावला. मी चुलीकडं वळले आणि भगुल्यावरचं झाकण काढलं. शिंपले एकेक करून वर येत होते.