झबल्यातला फ्यूज

मित्रांनो, मी एक जुना फ्यूज आहे. जुना असलो तरी जळालेला नाही, आणि खरं सांगायचं तर तेच माझं दुखणं आहे. काचेच्या नळीतला फ्यूज जळला की निदान लोक त्याला बाहेर काढतात, उजेडात धरून बघतात, ‘गेला बिचारा’ म्हणतात. माझं तसं नाही. वीज बेताबाहेर वाहू लागली की मी तापतो आणि तिची वाट अडवतो. निवलो की वाट पुन्हा मोकळी करतो. त्यामुळे मी आहे हेच कोणाला कळत नाही.

दिसायला मी एक पिवळी चपटी टिकली, खाली तारेचे दोन पाय. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांनी मला हाकेच्या पेटीसाठी निवडलं. खालच्या खोलीतल्या आईने बटण दाबून बोलायचं आणि माडीवर शिवणकाम करणाऱ्या लेकीने ते ऐकून खाली यायचं. आईचे गुडघे कामातून गेले होते, आवाजही बारीक. काकांनी आपल्या गार खोलीत, पेटी उघडी ठेवून वीज मोजली आणि “अगदी मापात बसला!” म्हणत मला कथलाचा डाग देऊन पेटीत पक्का केला. गरम जागी माझी ताकद किती घटते तेही माझ्या माहितीच्या तक्त्यात लिहिलं होतं. त्या ओळीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही.

एकदा आईच्या हातून पेटीवर पाणी सांडलं. मी लगेच वाट अडवली, म्हणून पेटी वाचली. “पेटी दणकट आहे हो,” असं काका म्हणाले. माझं नाव कोणी काढलं नाही.

पेटीवर धूळ बसते म्हणून आईने लेकीचा लहानपणीचा स्वेटर उसवला आणि त्या लोकरीचं पेटीला झबलं विणलं. बटणापुरती खिडकी ठेवली; पेटी चालू आहे हे सांगणारा लाल दिवा मात्र झाकला गेला. त्या उबेत पेटी तापू लागली. दुपार झाली की नेहमीची वीजही मला सोसेना, आणि मी वाट अडवून बसे. झोपताना पेटी बंद केली की मी निवायचो. लेक रोज सकाळी बटण दाबून बघायची. तेव्हा सगळं ठीक असायचं.

दुपारी आई हाक मारी. वर शिलाई मशीन खडखडत राही. “कामात आहे पोर,” असं ती पुटपुटे. पुढे पुढे तिने हाक मारणंच सोडलं. लेकीला वाटलं, आई रुसली आहे. मला दोघींचं कळत होतं, पण मला कुठे बोलता येतं? तेव्हाइतकं एकटं मला कधीच वाटलं नाही.

एका दुपारी आई पलंगाजवळ घसरून पडली. वायर ओढून तिने पेटी जवळ घेतली आणि बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मी तापून ठप्प होतो. संध्याकाळी लेक चहा घेऊन आली, तेव्हा आई जमिनीवरच बसलेली होती.

“अगं आई! हाक का नाही मारलीस?”

“मारली की. तुला वेळ नसेल, म्हणून मग गप्प बसले.”

लेक तिथेच खाली बसली आणि आईला मिठी मारून रडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका आले. झबलं काढून, पेटी उघडून त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं आणि झटकन मागे घेतलं.

“फ्यूज बिघडलाय का?” लेकीने विचारलं.

“नाही गं. तो चोख आहे. निवडताना मी चुकलो. पेटी कुठे राहणार, हे विचारलंच नाही.”

त्यांनी जरा जास्त ताकदीचा फ्यूज बसवला, आणि झबलं पुन्हा घालू नका म्हणून बजावलं. मला ते फेकणार, तोच आई म्हणाली, “असू दे माझ्याकडे.” तिने मला त्याच झबल्यात गुंडाळून लोकरीच्या टोपलीत ठेवलं.

मित्रांनो, आता माझ्यातून वीज वाहत नाही. ऊब आहे, काम नाही. एवढंच सांगतो: कोणावर भार टाकताना त्याला किती पेलतं एवढंच बघू नका, त्याला कुठे राहायचंय तेही विचारा. आणि हाक आली नाही, तर जाऊन बघा.

परवा दुपारी आईने बटण दाबलं. वरचं मशीन थांबलं, जिन्यात पावलं वाजली.

“काय गं आई, काय हवंय?”

“काही नाही. येतेस का ते बघितलं.”